डबीची बस

आमच्या गाडीला सगळी कॉलनी ‘डबी’ म्हणते. सुरुवातीला मी हसण्यावारी नेलं, मग दुर्लक्ष केलं, आणि एके दिवशी मीच बायकोला फोनवर ‘डबी काढतोय, खाली ये’ म्हणालो, तेव्हा विषय संपला. दोन दारं, पुढे दोन माणसं, आणि मागे दोन माणसं बसतील अशी कंपनीची समजूत. पण शहरात तिचा हात धरणारं कुणी नाही. जिथे लोक स्कूटर लावतानाही मागेपुढे बघतात तिथे मी डबी घुसवतो. एकदा बँकेतून बाहेर आलो तर डबी जागेवर नाही. चोरीला गेली म्हणून मी घामाघूम. मग दिसली. दोन मोठ्या गाड्यांच्या बेचक्यात उभी होती आणि तिच्या टपावर कुणीतरी हेल्मेट ठेवून गेलं होतं.

घर ते ऑफिस, ऑफिस ते भाजी, भाजी ते घर, एवढं तिचं जग. शहराच्या वेशीबाहेर ती कधी गेली नव्हती. जावं असं मलाही वाटलं नव्हतं. काही माणसं घरातच शोभतात, तशा काही गाड्याही.

पण एका सकाळी माझ्या आतेभावाचा फोन आला. “आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, सोमवारी. ती म्हणतेय, त्याआधी आरसा हवा.”

मला दोन आत्या. मोठी त्याची आई. धाकटी आमच्याकडे राहते, म्हणजे खरं तर आम्ही तिच्या धाकात राहतो. दोघींमध्ये एक आरसा आहे. आजीचा. लंबवर्तुळाकार, छातीएवढा उंच, भोवती शिसवी चौकट. ‘आईने तो मला कबूल केला होता,’ असं मोठी म्हणते. धाकटी काही म्हणत नाही. जुनं घर रिकामं करताना तिने तो सरळ उचलून आणला. त्या दिवसापासून दोघी बोलत नाहीत. ‘तिने माझ्या घरात पाऊल ठेवायचं नाही,’ ही मोठीची शपथ. ‘तिच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही,’ ही धाकटीची. एका मुद्द्यावर इतकं एकमत असलेल्या बायकांना भांडलेल्या का म्हणायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

निरोप मी धाकट्या आत्याला सांगितला. चहा गार झाला तरी तिने बोलणी सुनावली नाहीत, तेव्हा मी घाबरलो. मग म्हणाली, “देते.”

“कुरियरने पाठवू?”

“आईचा आरसा कुरियरने? उद्या मलाही कुरियरने पाठवशील.”

मी भावाला कळवलं. तो म्हणाला, “मी गाडी पाठवतो.” त्याच्या गाडीला पायऱ्या आहेत. तो बोलून तिथेच थांबला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो हसला. म्हणाला, “तुमची ती हमरस्त्यावर आणू नका हं. एखाद्या ट्रकच्या चाकात खडा म्हणून अडकायची.”

मी म्हणालो, “आम्ही आमच्या गाडीनेच येऊ.”

बायकोने हातातली इस्त्री उभी करून ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला बोलून जेवढं दुखावलं नसेल तेवढं असं बघून दुखावलंय.

बातमी जिन्यातून वर-खाली झाली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त दंतवैद्य संध्याकाळी टॉर्च घेऊन आले. त्यांनी डबीचं बॉनेट उघडायला लावलं, आत प्रकाश टाकला आणि सवयीने म्हणाले, “दुखतं कुठे?” मग सुस्कारा सोडून, “तशी बरी आहे हो. पण जोर देऊ नका. चावायचं काम नाही तिचं.” वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाईंचं म्हणणं वेगळं. उघड्या माळावर वारा असतो, गाडी हलकी, तेव्हा मागे वाळूच्या गोणी टाका. “आत्या आहेत मागे,” मी म्हणालो. बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, “मग ठीक आहे.” गॅरेजवाल्याने हवा भरली, तेल पाहिलं आणि विचारलं, “परत यायचंय का हिच्यातनंच?”

शनिवारी सकाळी निघालो. निघालो म्हणजे आरसा भरायला लागलो. तो डिकीत मावेना, टपावर ठेवायला आत्या तयार नाही. शेवटी मागचं दार वर उघडं ठेवून आरसा त्या भगदाडात उभा बसवला. अगदी बेतून केल्यासारखा बसला. मी दोऱ्या आवळत होतो, तेवढ्यात आतून आत्या म्हणाली, “तोंड फिरव त्याचं.”

“कुणाचं?”

“आरशाचं. मी त्याला मागे वळून धरणार. एवढा प्रवास माझंच तोंड बघत करू का?”

तिचं बरोबर होतं. आरसा फिरवला. आता पाठ गाडीकडे आणि तोंड रस्त्याकडे. मला मागचं काही दिसेना. चालकाच्या आरशात पाहिलं की दिसायची आत्या आणि तिच्यामागे शिसवी लाकूड. पण मी स्वतःची समजूत घातली, की आपल्याला पुढे जायचंय, मागचं कशाला बघा?

हमरस्त्याला लागलो आणि मला धक्काच बसला. कुणी त्रासच देईना. मी ऐकलं होतं की मोठ्या गाड्या लहान गाड्यांना कस्पटासमान लेखतात, मागून हॉर्न मारून जीव नकोसा करतात. इथे मी सायकलच्या वरचढ आणि स्कूटरच्या खालच्या वेगाने चाललो होतो, पण मागून कुणी पुढे म्हणून जात नव्हतं.

“बघ,” मी बायकोला म्हणालो, “रस्त्यावर शिस्त आलीय.”

“मला काहीतरी वेगळंच वाटतंय,” बायको म्हणाली.

टोलनाक्याला थांबलो तेव्हा मागचा ट्रकवाला उतरून धावत आला. धिप्पाड माणूस, पण चेहरा उतरलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ डबीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि आरशात बराच वेळ बघत राहिला. मग मटकन खाली बसला.

“साहेब,” तो म्हणाला, “मघापासून एक ट्रक माझ्याकडे तोंड करून उलटा चाललाय. मी हळू केला की तोही हळू. मी दिवे मारले, त्यानेही मारले. मी हात केला, त्यानेही केला. पुढे जायला बाजूला झालो, तर तोही बाजूला. मग मी नाद सोडला. म्हटलं, ह्याच्या मनात आहे तरी काय ते बघू.”

त्याच्यामागे क्षितिजापर्यंत वाहनं उभी होती. मी माफी मागितली. तो म्हणाला, “नाही, माणूस चांगला वाटत होता,” आणि परत एकदा आरशात डोकावून, केस सारखे करून गेला.

आता नाका. डबी यंत्रापुढे उभी केली. आडवा दांडा तसाच. पुढे घेतली, मागे घेतली. दांडा ढिम्म. मागून हॉर्न सुरू झाले. खोलीतून एक अधिकारी बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं, आणि चेहऱ्यावर झोपमोडीचा राग.

“गाडी कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“ही काय.”

त्यांनी खाली पाहिलं. “ही यंत्राला दिसत नाहीये.”

“तुम्हाला तर दिसतेय ना?”

“मला दिसून काय उपयोग? मी तात्पुरता आहे, यंत्र कायमचं आहे.” ते वाकून समजावू लागले. “रस्त्यातल्या पट्टीवर वजन पडावं लागतं. तुमचं पडत नाही.”

हे मला फार लागलं. मी वजनमापे खात्यात आहे. किराणा दुकानात शिरलो की तराजूची पारडी थरथरतात, असा माझा लौकिक. आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे खोटे ठरवले, आणि आज एका काट्याने मला, माझ्या बायकोला आणि आत्याला मिळून शून्य ठरवलं होतं. मी ओळखपत्र काढून म्हणालो, “तुमची पट्टी तपासून घ्यावी लागेल.”

“घ्या की. पण त्यासाठी तुम्हाला नाक्यात यावं लागेल. आणि तुम्ही अजून आलेलाच नाहीत.”

“मग आम्ही परत जातो.”

“परत कसे जाल? आल्याची नोंद असल्याशिवाय गेल्याची नोंद होत नाही.”

“मग आम्ही करायचं काय?” बायकोने विचारलं.

अधिकारी विचारात पडले. मागून आत्या म्हणाली, “अरे, त्याला म्हणावं, तूच बस बॉनेटवर.” मला वाटलं आता संपलं. पण माणसाला इतका स्वच्छ उपाय बहुधा कुणी सुचवलाच नव्हता. अधिकाऱ्यांनी रुमाल अंथरला आणि खरोखरच बॉनेटवर बसले. “जरा मागे घ्या, मग सावकाश पुढे,” म्हणाले. मी त्यांना घेऊन मागे गेलो, पुढे आलो. यंत्र गुरगुरलं. डबी, अधिकारी, आत्या आणि आरशातला अख्खा ट्रक, ह्या सगळ्याची त्याने आपल्या परीने बेरीज केली आणि झटकन दांडा वर गेला. पाटीवर हिरवी अक्षरं उमटली: ‘बस’.

“आम्ही बस नाही,” मी म्हणालो.

अधिकारी बॉनेटवरून उतरले. “साहेब, मघाशी तुम्ही कुणीच नव्हता. तिथून बसपर्यंत आणलं. अजून किती करू एका माणसासाठी?”

तिथे गप्प राहिलो ही माझी चूक. कारण पुढे रस्त्याला फाटे फुटत होते. उजवीकडे गाड्या, डावीकडे बस, आणि दोन्हींवर एकेक दांडा. दोन्ही आम्हाला चांगले ओळखत होते. उजवीकडचा मिटला आणि डावीकडचा उघडला. वळणावळणाने आम्ही जिथे पोचलो ते बसस्थानक होतं. फलाटावरच्या पाटीने आमच्या येण्याची वर्दी आधीच दिली होती. बाकावरची माणसं सामान घेऊन उठली आणि आम्हाला बघून परत बसली. एक मात्र पुढे आला. खाकी कपडे, खांद्याला चामडी पिशवी, ओठात शिट्टी.

“तीच ना ही?” त्याने विचारलं.

“कोण तीच?”

“माझी गाडी सकाळी बंद पडली. दुसरी पाठवतो म्हणाले होते.” त्याने डबीभोवती एक फेरी मारली. फेरी लवकर संपली. “दिवसेंदिवस काय काय पाठवायला लागलेत,” असं पुटपुटून त्याने माझं दार उघडलं. “ड्रायव्हर, उतरा जरा. सीट वाकवल्याशिवाय मागे जाता येत नाही.”

मी त्याला सगळं सांगितलं. आरसा, आत्या, ट्रक, वजन. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “पाटीवर काय आहे?”

“बस.”

“मग झालं तर.”

तो मागे शिरला. त्याच्यामागोमाग एक सडपातळ गृहस्थ, काखेत छत्री आणि हातात पिशवी घेऊन, निमूटपणे शिरले. “अहो, तुम्ही कुठे?” मी विचारलं. त्यांनी तोंड उघडलं, पण कंडक्टर ओरडला, “आत सरका, आत सरका!” आणि त्यांनी ते मिटलं. सरकायला आत काही नव्हतं. आत्या होती. तिने गृहस्थांना नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, “हाडं टोचतायत. छत्री तिकडे घ्या.”

कंडक्टरने दोनदा शिट्टी मारली. बंद डबीत शिट्टी ऐकण्याचा प्रसंग कुणावर येऊ नये. दचकून माझा पाय पडला आणि आम्ही निघालो.

कंडक्टरची बस आतेभावाच्या गावालाच जाणारी होती, आणि माणूस कर्तव्यदक्ष होता. प्रत्येक थांब्याला तो मला थांबवायचा, मान बाहेर काढून ‘जागा नाही’ असं अभिमानाने जाहीर करायचा, आणि शिट्टी मारायचा. बायको खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडतेय. मग कळलं, हसतेय. मला रडणं परवडलं असतं.

पुढे घाट लागला. पहिल्या वळणाला डबी कण्हली. दुसऱ्या वळणाला ती मागे जाते की पुढे, यावर आमच्यात मतभेद झाले. “घाट! उतरा सगळे!” कंडक्टर गरजला. तो, बायको आणि ते गृहस्थ उतरले. आत्या हलेना. “आरशाला कोण धरेल?” असा तिचा बिनतोड सवाल होता.

मी पहिला गिअर टाकला. डबी चालू लागली. म्हणजे चालूच लागली, माणसासारखी. खिडकीशी बायको माझ्याबरोबर चालत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “अहो, मला एवढं हळू चालवत नाही हो. पाय दुखतात. मी वर जाऊन थांबते.” आणि पुढे निघून गेली. तिच्यामागून छत्रीवाले गृहस्थ आम्हाला ओलांडून गेले. जाताना त्यांनी सभ्यपणे हात दाखवला. मी गाडी जरा बाजूला घेतली.

माणसाचा अभिमान कुठे कुठे म्हणून दुखावतो! पण त्या एकांतात एक गोष्ट झाली. मागून आत्या हळूच म्हणाली, “ताईला दिसतं का रे अजून? की पार गेलेत डोळे?”

“थोडं दिसतं म्हणे. ऑपरेशननंतर नीट दिसेल.”

“आणि नाही दिसलं तर?”

आत्याने आरशाच्या चौकटीवरची धूळ पदराने पुसली. मग एकदम माझ्यावर डाफरली, “चालव की लवकर! मुंगीसुद्धा गेली पुढे.”

वर पोचलो तेव्हा तिघं दगडावर बसून माझी वाट बघत होती. उतार मात्र डबीने असा घेतला, की कंडक्टरची शिट्टी तोंडातच राहिली आणि त्याच्या प्रत्येक श्वासाला वाजू लागली.

आतेभावाच्या दारात पोचलो. तो फाटकाशीच उभा होता, पायऱ्यांच्या गाडीला टेकून. डबी थांबली. दार उघडून बायको उतरली. मग मी उतरलो, मग कंडक्टर, मग गृहस्थ. भाऊ मोजत असावा, कारण त्याचं तोंड उघडत गेलं.

“दादा,” तो म्हणाला, “हे कोण?”

“प्रवासी,” कंडक्टर म्हणाला.

तेव्हा त्या गृहस्थांनी दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं. “मी प्रवासी नाही. मी बायकोला बसमध्ये बसवून द्यायला आलो होतो. तिची पिशवी आहे ही. ती तिकडेच फलाटावर आहे.”

“अहो, मग सांगायचं नाही का?” मी ओरडलो.

“सांगणार होतो,” ते म्हणाले, “पण माझ्या बोलण्याआधी सगळे बोलतात. घरीही असंच आहे.”

ह्या गडबडीत आत्या आत राहिली. ती उतरायला गेली आणि गुडघे उघडेनात. इतका प्रवास पाय पोटाशी घेऊन केलेला. मी ओढलं, बायकोने ढकललं, कंडक्टरने शिट्टी मारली. काही नाही. आत्या अडकली होती.

एवढ्यात भिंतीचा आधार घेत मोठी आत्या बाहेर आली. डोळ्यांवर काळा चष्मा. “आली का ती?” तिने हवेला विचारलं.

“आलेय, पण तुझ्या घरात येणार नाही,” डबीतून उत्तर आलं.

“ये म्हटलंय कुणी? आरसा आणलास?”

“आणलाय. बघून घे, ओरखडासुद्धा नाही.”

मोठी चाचपडत पुढे आली. तिने आरशाला हातही लावला नाही. डबीचा टप चाचपला, दार चाचपलं, आणि दारातून आत हात घालून धाकटीचा चेहरा चाचपला. कपाळ, गाल, हनुवटी. “किती वाळलीस चिमे,” म्हणाली. आमची आत्या वाळली, असं म्हणणाऱ्या माणसाला ऑपरेशनची नितांत गरज होती.

“आरसा बघ ना,” धाकटी म्हणाली.

“मला आरशात काय दिसतंय? धुकं दिसतं नुसतं.”

“मग मागवलास कशाला?”

“तू तो दुसऱ्या कुणाच्या हाती सोडणार नाहीस, माहीत होतं मला,” मोठी म्हणाली. “सरक जरा.”

“ताई, इथे जागा नाही.”

“मग घरात चल.”

“घरात येणार नाही म्हटलं ना!”

“येऊ नकोस. मीही येऊ देणार नाही,” मोठी म्हणाली, आणि मी सीट वाकवायच्या आतच डबीत शिरली. कशी मावली, देव जाणे. एक हलली की दुसरीला हलावं लागत होतं. आतून नाक ओढल्याचे दोन आवाज, मग कुजबुज, मग आजीच्या कुठल्याशा चुलतबहिणीला दोघींनी मिळून नावं ठेवायला सुरुवात केली. आमच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आता कंडक्टरचा आणि गृहस्थांचा प्रश्न उरला. त्यांना स्थानकावर सोडणं भाग होतं आणि डबी तर भरलेली होती. मी भावाकडे पाहिलं. त्याने आपल्या गाडीकडे पाहिलं. त्याच्या लक्षात आलं, पण उशिरा. तोवर कंडक्टर पायऱ्या चढून आत गेला होता आणि सीट दाबून बघत होता. “ही गाडी आधी पाठवली असती तर!” तो मला म्हणाला. मग भावाकडे वळून, “ड्रायव्हर, चला.”

शिट्टी वाजली. भाऊ गेला. जाताना त्याने काच खाली केली. काहीतरी बोलणार होता, पण मी इतक्या मोठ्या मनाने हात हलवला की त्याला काच परत वर करावी लागली.

अंगणात मी आणि बायको उरलो. दमून माझ्या पायांचे तुकडे पडले होते. मी डबीच्या खिडकीशी वाकलो आणि विचारलं, “आत्या, कुणाला काही हवंय का?”

“चहा आण दोन,” धाकटी म्हणाली. “बशा नकोत, ठेवायला जागा नाही.”

“आणि ते दार लाव जाता जाता,” मोठी म्हणाली. “वारा येतोय. शिवाय आम्ही घरचं बोलतोय.”

मी माझ्याच गाडीचं दार बाहेरून, आवाज न करता, लावलं आणि चहा टाकायला गेलो.